दाराच्या आतल्या बाजूला

तुझे नियम तू फ्रिजच्या दारावर लिहिलेस, अदेलिनो,
आणि तेही आतल्या बाजूनं.
दार उघडू नये हे वाचायला
दार उघडावं लागतं.
आई म्हणायचीच, या पोराचं डोकं उलटं बसवलंय.

मेर्तोलाच्या पुढे रस्ता नदीला सोडून देतो.
त्रेचाळीस अंश.
मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभ्या.
कॉर्कचे ओक साल सोलून घेतलेले,
त्यांच्या लाल उघड्या अंगावर पांढऱ्या रंगात आकडा,
कुठल्या साली सोललं त्याचा.
नऊ वर्षं मग कुणी हात लावत नाही.
तुला जाऊन नऊ महिनेही झाले नाहीत
आणि मी तुझी गाडी विकायला निघालेय.

नियम मला पाठ आहेत.
गाडी समतल उभी कर, तिरका झाला की फ्रिज रुसतो.
जाळीची बाजू कायम सावलीत.
निघण्याच्या आदल्या रात्रीपासून चालू ठेव,
तळाला गोठवलेल्या बाटल्या.
कोमट काही आत घालायचं नाही,
सूप तर नाहीच, ओटिलिया.
(नाव घालून लिहिलंयस. ठळक. खाली दोन रेघा.)

म्हणून मी, चौतीस वर्षं टपाल वाटलेली बाई,
पेट्रोल पंपामागे ओट्यावर बशीभर पाणी ठेवते,
ते कुठल्या काठाला धावतंय बघते,
खाली उतरते, डाव्या चाकाखाली फळकूट सारते,
वर येते, पुन्हा बशी.
तीन वेळा.

जाळीआड तू बसवलेला पंखा,
कुणाच्या तरी मेलेल्या कॉम्प्युटरमधला,
म्हाताऱ्या बोक्यासारखा घुरघुरतो.
त्याच्याखाली ज्योत, निळी, करंगळीच्या नखाएवढी.
आगीनंच गार होतं, तू सांगितलं होतंस.
थापा मारू नकोस, मी म्हटलं होतं.
मला अजून पटलेलं नाही.
पण लोणी घट्ट आहे.

दुपारी तीनला काटा अकरावर गेला.
चादर भिजवून बाहेरून टांगली,
जाळीपासून वीतभर लांब, नियम पाच.
एका माणसानं ट्रॅक्टर थांबवला,
या उन्हात कपडे वाळत घालताय?
सावली वाळत घालतेय, मी म्हटलं.
तो टोपी मागे सारून जरा विचारात पडला, मग गेला.
आत काय होतं एवढं राखायला?
सेर्पाचं मेंढीचं चीज, अर्धं लिंबू,
माझे डोळ्यांचे थेंब,
तुझी मोहरीची बाटली, तळाला बोटभर उरलेली.
मी मोहरी खात नाही.

पहाटे चारला उठले.
बाहेर गवताचा वास, गाडीचा पत्रा हाताला थंड.
दिवा न लावता दार बोटभर उघडलं
आणि गाल लावून उभी राहिले.
चार अंश असावं. काटा पाहिला नाही.

सीनिशला घेणारा वाट पाहत होता,
वाल्देमार नावाचा, मिशी न शोभणारा तरुण.
टायर दाबून पाहिले, छतावर चढला,
बिछान्यावर बसून दोनदा उसळला.
मग फ्रिज.
दार सताड उघडून तो वाचू लागला,
ओठ हलवत, प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत,
आमच्या आजोबांसारखा, सावकाश.

दार! असं ओरडायला तोंड उघडलं होतं मी,
तू पुढच्या सीटवरून ओरडायचास तसं.
ओरडले नाही.
गारवा सांडत खाली आला,
माझ्या चपलांवर, बोटांमध्ये,
दोन दिवस आणि आख्खं आलेंतेजू ओलांडून जपलेला,
आणि मी पाय हलवले नाहीत.

फोनवर त्याला मी फक्त आडनाव सांगितलं होतं.
त्यानं मान वळवून विचारलं,
ही ओटिलिया कोण?

होती एक, मी म्हटलं.
फार सूप करायची.